३८ म्हणजे ३८ नव्हे: परदेशात कपडे घेताना साईज कशी वाचायची

या भागात जे बोललो ते जवळपास तसंच इथे लिहून काढलंय. आकडे तेवढे नीट मांडलेत, कारण ऐकताना आकडे डोक्यावरून जातात आणि या विषयात सगळा घोळ आकड्यांचाच आहे.

विषय साधा आहे. परदेशात गेलो आणि घरच्यांसाठी कपडे घ्यायचे झाले, तर साईज कशी ओळखायची? ऐकायला हा काही पॉडकास्ट करण्याएवढा विषय वाटत नाही. मलाही वाटायचा नाही. पण माझ्या एका चुकीच्या नंबरामुळे माझी बहीण चार दिवस रात्रीची जेवली नव्हती, म्हणून बोलतोय.

झालं असं. कंपनीने मला पहिल्यांदा सहा महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. डिसेंबरात परत यायचं होतं. आमचं घर इंदापूरचं. ताई शिक्षिका, तिची शाळा सकाळी सातला भरते, आणि ती स्कूटीवर जाते. उजनीच्या बॅकवॉटरच्या बाजूचा हिवाळ्यातला पहाटेचा वारा ज्याने खाल्लाय त्याला जास्त सांगायला नको. ती स्वेटरवर स्वेटर, वरून ओढणी गुंडाळून जायची. मी ठरवलं, तिच्यासाठी वारा न शिरणारं चांगलं जाकीट न्यायचं.

आता बहिणीला माप कसं विचारायचं? विचारता आलं असतं, पण आपल्याकडे भाऊ काही फोनवर बहिणीला "छातीचं माप सांग" म्हणत नाही. मग मी आईला म्हटलं, "ताईच्या कुर्त्याच्या कॉलरला लेबल असेल, त्याचा फोटो पाठव." आईने पाठवला. लेबलवर ३८. दुकानात गेलो, ३८ नंबरचं जाकीट उचललं, साठ युरो दिले आणि आलो. सरप्राईज द्यायचं म्हणून ताईला कळूही दिलं नाही.

घरी बॅग उघडली. ताईने हौसेने घातलं. बाह्या आल्या, पण चेन काही लागेना. श्वास आत घेऊन बघितला, आतला स्वेटर काढून बघितला. दोन्ही बाजूंमध्ये चार बोटांचं अंतर राहत होतं. तिला दुसरं बाळ होऊन वर्ष झालं होतं. ती हसली आणि म्हणाली, "तुझी काही चूक नाही रे. मीच फुगलेय." जाकीट घडी घालून कपाटात गेलं.

चौथ्या दिवशी आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई रात्रीची जेवत नाहीये. भूक नाही म्हणते. बाळ अंगावर पितंय अजून." मला कळेना काय बोलावं. ३८ घालणारी बाई ३८ मध्ये बसत नाही, म्हणजे ती जाड झाली असणार, हे तिलाही पटलं होतं आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्याच आठवड्यात बारामतीला आत्याकडे जायचं होतं. जाकीट बरोबर घेतलं, म्हटलं तिच्या मुलीला बसलं तर बघू. निमगाव केतकी, भवानीनगर करत, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रांगत बारामतीला पोचलो. आत्या बारामतीच्या हायटेक टेक्सटाईल पार्कमधल्या एका युनिटमध्ये बरीच वर्षं कामाला आहे. आधी मशीनवर होती, आता चेकिंगच्या टेबलावर. एमआयडीसीतल्या या पार्कमध्ये आसपासच्या गावांतल्या बायका मोठ्या संख्येने काम करतात, आणि तिथे शिवलेले कपडे परदेशातही जातात. म्हणजे मी जर्मनीत जाऊन जे लेबल वाचत होतो, तसली लेबलं माझी आत्या रोज हाताखालून घालत होती. आणि मी तिला एक फोन केला नव्हता!

आत्याने जाकीट हातात घेतलं, उलटं केलं, आतल्या शिवणीतलं लेबल बाहेर काढलं. मी दुकानात फक्त वरचा मोठा ३८ बघितला होता. खाली बारीक अक्षरात ओळीने होतं: डी ३८, एफ ४०, आय ४४, जीबी १२, सीएन १६५/८८ए.

आत्या म्हणाली, "ह्यात खरा आकडा कुठला?"

मी म्हटलं, "३८."

"न्हाय. खरा आकडा ह्यो शेवटचा. अठ्ठ्याऐंशी. सेंटिमीटर हाय ते. अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर छातीच्या बाईसाठी हे जाकीट बनवलंय. तुझी ताई किती?"

"३८ इंच."

आत्याने टेप काढली. तिच्या टेपच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. ३८ वर बोट ठेवलं आणि टेप उलटी केली. साडेशहाण्णव. मग ८८ वर बोट ठेवून उलटी केली. साडेचौतीस इंचांच्या जरा पुढे.

"साडेतीन इंच कमी आणलंस तू. आन पोरगी तिकडं उपाशी बसलीय. आरं, ती जाड न्हाय झाली. तू नंबर वाचलास, माप वाचलंच न्हाईस."

मंडळी, मी कोड लिहून पोट भरतो. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर मंगळाजवळ पोचून हातचं गेलं, कारण एका सॉफ्टवेअरने आकडे पौंडाच्या हिशेबात दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटनच्या हिशेबात घेतले. हे उदाहरण मी नव्या मुलांना स्वतः सांगतो की आकड्याबरोबर युनिट लिहा. आणि मीच ३८ इंच नेऊन ३८ जर्मन नंबराला जोडले.

आता जे आत्याकडून, आणि नंतर स्वतः वाचून कळलं, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, हे नंबर येतात कुठून. आपल्याकडच्या कुर्त्यावरचा किंवा ब्लाउजवरचा ३८ हा बहुतेक वेळा सरळ इंचातला असतो. जर्मनीतला बायकांच्या कपड्यांचा नंबर मात्र हिशेब करून काढलेला असतो: छाती सेंटिमीटरमध्ये मोजा, निम्मी करा, त्यातून ६ वजा करा. ८८ चे निम्मे ४४, वजा ६, झाले ३८. ताईचे ९६ धरले तर निम्मे ४८, वजा ६, म्हणजे ४२. मी दोन नंबर खालचं जाकीट आणलं होतं.

तेच जर्मन ३८ फ्रान्समध्ये ४० होतं, इटलीत ४४. ब्रिटनमध्ये १२ च्या आसपास, अमेरिकेत ८ च्या आसपास. "आसपास" म्हणतोय, कारण दुकानागणिक एखादा नंबर मागेपुढे होतो. जपानमध्ये बायकांचा मधला नंबर ९, त्याच्या अलीकडे ७, पलीकडे ११. एकच बाई विमान बदलेल तसा नंबर बदलते. बाई तीच असते.

पुरुषांचं थोडं सोपं आहे. कोट-ब्लेझरचा युरोपातला नंबर म्हणजे छातीचे सेंटिमीटर भागिले दोन. छाती १०० तर नंबर ५०. ब्रिटन-अमेरिकेत तोच कोट इंचात ४०. म्हणून युरोपच्या नंबरातून १० वजा केले की आपल्या ओळखीचा इंचातला आकडा मिळतो. फॉर्मल शर्टाला मात्र तिकडे कॉलरचं माप असतं, सेंटिमीटरमध्ये: ३९, ४०, ४१, ४२. आपल्याकडे शर्टावर ४२ असेल तर तो कधी छातीचा असतो, कधी कॉलरचा. न बघता जुळवू नका. जीन्सला दोन आकडे असतात, कंबर आणि पायाची आतली लांबी, दोन्ही इंचात.

लहान मुलांचं तर मला सगळ्यात आवडलं. युरोपात मुलांच्या कपड्यावरचा नंबर म्हणजे मुलाची उंची, सेंटिमीटरमध्ये. ९८, १०४, ११०, ११६, असे सहा-सहाने वाढत जातात. आपल्याकडे "४-५ वर्षं" लिहिलेलं असतं, आणि चार वर्षांची दोन पोरं कधी सारखी असतात का? भाच्याला दाराच्या चौकटीला उभं करा, पेन्सिलीने खूण करा, मोजा. १०३ भरला तर ११० घ्या, कारण कपडा हातात पडेपर्यंत तो वाढणारच आहे.

आणि ती शेवटची चिनी ओळ. १६५/८८ए. १६५ म्हणजे उंची, ८८ म्हणजे छाती, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. पुढचं अक्षर छाती आणि कंबर यांतला फरक सांगतं: वाय म्हणजे फरक खूप, ए म्हणजे सर्वसाधारण, बी म्हणजे कमी, सी म्हणजे अगदी कमी. पोट सुटलेल्या माणसाला बी किंवा सी. स्वच्छ हिशेब. मोठ्या परदेशी ब्रँडच्या लेबलवर ही ओळ बऱ्याचदा असते. तुम्ही चीनला कधी जाणार नसलात तरी ती शोधा. बाकीच्या ओळी नंबर सांगतात, ही ओळ माप सांगते.

दुसरी गोष्ट. सगळ्या जगाने मिळून एकच पद्धत का नाही केली? प्रयत्न झाले. १९३९-४० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने जवळपास १५,००० बायकांची मापं घेतली. टपालाने कपडे मागवायचा धंदा तिथे जोरात होता आणि न बसणारे कपडे परत येत होते. १९४१ मध्ये तो अहवाल छापला गेला. पण त्यात हिशेबात धरल्या त्या फक्त गोऱ्या बायका. १९५८ मध्ये सरकारने साईजचं प्रमाण जाहीर केलं, ते पाळायची सक्ती नव्हती, आणि १९८३ मध्ये ते मागेच घेतलं. पुढे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. धंद्याच्या लक्षात आलं की कपडा तेवढाच ठेवून नंबर कमी लिहिला की गिऱ्हाईक खूश होतं. म्हणून जीन्सवर ३२ लिहिलेलं असतं आणि टेप लावली तर ३४ भरते, असं सर्रास दिसतं. युरोपने सेंटिमीटरमधल्या शरीराच्या मापांवर आधारलेलं ईएन १३४०२ नावाचं प्रमाण केलंय. तेही ऐच्छिकच.

आणि आपण? आपल्याकडे कपडे शिवून जगाला जातात, पण आपल्या स्वतःच्या शरीराचा तक्ता नव्हता. बराच काळ परदेशी तक्तेच थोडेफार बदलून वापरले गेले. म्हणून निफ्टने 'इंडियासाईज' हा प्रकल्प हाती घेतला: देशाच्या सहा भागांतल्या, १५ ते ६५ वयाच्या २५,००० लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापं घ्यायची आणि त्यावरून भारतीय साईज ठरवायच्या. तेव्हा एखादा तयार कपडा खांद्यात बसतो आणि पोटावर अडकतो, यात दोष दर वेळी आपल्याच पोटाचा नसतो. तो कपडा कापताना समोर कोणाचं शरीर धरलं होतं, हाही प्रश्न असतो.

तिसरी गोष्ट आत्याची. शरीराचं माप वेगळं आणि कपड्याचं माप वेगळं. आपला टेलर म्हणतो ना, "दोन इंच लूज ठेवतो"? तो लूज प्रत्येक कपड्याला वेगळा. टी-शर्टला कमी, कुर्त्याला थोडा, आत स्वेटर घालायचा असेल तर जाकिटाला भरपूर. युरोपच्या नंबराच्या तक्त्यात साधारणपणे शरीराचं माप असतं. आपल्याकडच्या शॉपिंग ॲपवर बऱ्याचदा कपड्याचं असतं. तक्त्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी बघा, मग आकडा बघा.

शिवाय आत्या म्हणाली, "आमच्याकडं बायरचा कागद येतो. छाती एवढी, बाही एवढी, खांदा एवढा. आम्ही टेप लावून बघतो. थोडं इकडं, थोडं तिकडं चालतंय, त्यापुढं गेलं की पीस बाजूला." म्हणजे एकाच नंबराचे, एकाच गठ्ठ्यातले दोन शर्टसुद्धा अगदी सारखे नसतात. म्हणून एक घालून बघितला आणि दुसऱ्या रंगाचा तसाच उचलला, असं करू नका. दोन्ही घालून बघा.

मग करायचं काय? उत्तर आपल्या आयांना आधीपासून माहीत आहे. ब्लाउज शिवायला टाकताना आई काय करते? मापाचा ब्लाउज देते. स्वतःचा नंबर सांगत बसत नाही. नीट बसणारा एक कपडा टेलरपुढे ठेवते. आपणही तेच करायचं.

ज्याच्यासाठी घ्यायचंय त्याचा नीट बसणारा कपडा घरच्या कोणाला तरी पलंगावर सपाट पसरायला सांगा. तीन मापं घ्या, सेंटिमीटरमध्ये: एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत, एका खांद्याच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, आणि खांद्यापासून बाहीच्या टोकापर्यंत. पँट असेल तर कंबर सपाट धरून आणि पायाची आतली शिवण. मोबाईलमध्ये नावानिशी लिहून ठेवा. माणसाच्या अंगाला टेप लावायची गरज नाही, बहिणीला काही विचारायची गरज नाही, आणि सरप्राईजही टिकतं.

टेप बॅगेत टाका. दहा-वीस रुपयांची शिंप्याची टेप पुरते. दुकानात कपडा सपाट धरून तीच तीन मापं बघा. कुर्ता काखेत ५१ असेल तर जाकीट ५५-५६ च्या खाली घेऊ नका, आत स्वेटर जायचाय. दुकानात टेप काढायला मला पहिल्यांदा लाज वाटली. कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

परत करण्याचंही सांगतो. युरोपियन युनियनमध्ये ऑनलाईन घेतलेला कपडा मिळाल्यापासून १४ दिवसांत, कारण न देता परत करण्याचा कायदेशीर हक्क आहे. दुकानात जाऊन घेतलेल्या, काही दोष नसलेल्या कपड्याला तो हक्क नाही. तिथे दुकान आपल्या मर्जीने देईल तेवढी सवलत. आणि विमानात बसलात की दोन्ही सारखंच. इंदापुरातून साठ युरोचं जाकीट कोण परत पाठवणार? म्हणून शेवटच्या दिवशी, बॅग भरता भरता खरेदी करू नका. आधी घ्या, घरी व्हिडिओ कॉलवर दाखवा, मापं जुळवा.

आता ताईचं सांगतो. त्या दिवशी संध्याकाळी मी बारामतीहून आलो तो आत्याची टेप मागून घेऊनच. ताईला स्वयंपाकघरात गाठलं, जाकिटाचं लेबल दाखवलं, ८८ वर बोट ठेवलं, टेप उलटी केली. ती गप्प बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हे मला लग्नाआधीसुद्धा झालं नसतं." मी म्हटलं, "कधीच झालं नसतं." तिने परातीत अजून एका भाकरीचं पीठ घेतलं. जाकीट आत्याच्या मुलीकडे गेलं. तिला अगदी बरोबर बसलं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा जर्मनीला गेलो. या वेळी मापाच्या कुर्त्याची तीन मापं मोबाईलमध्ये होती. तिथे एक नवीनच गोष्ट कळली. ४२ नंबर छातीत बसत होता, पण बाही लांब, कारण नेहमीचे नंबर तिकडच्या उंचीला धरून असतात आणि ताई पाच फूट एक इंच. सेल्समधल्या बाईंनी मला दुसऱ्या रॅककडे नेलं. जर्मनीत कमी उंचीच्या लोकांसाठी नंबर निम्मा करून लिहितात. ४२ चा २१. छाती तीच, बाही आणि लांबी आखूड. पुरुषांच्या कोटांचंही तसंच, ५० चा २५.

घरी आलो, ताईने घातलं, चेन सरकन वर गेली, आत स्वेटर असूनसुद्धा. मग तिने लेबल बघितलं आणि ओरडली, "२१? गेल्या वर्षी ३८ होत नव्हतं मला!"

आत्या तिथेच बसली होती. चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "बघ. वर्षात सतरा नंबर बारीक झालीस. खा आता पोटभर."

तर मंडळी, बॅगेत टेप ठेवा. पुढच्या भागात भेटू.